धाकटीचा डावा हात

माणूस हसला की बाकीच्यांना हसू दिसतं, मला दात दिसतात. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. प्लास्टर कालवायचं आणि मेणात लोकांचे दात बसवायचे, एवढंच जन्मभर केलं, त्यामुळे संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. तरीपण धाकट्या बहिणीच्या पियानोशेजारी स्टूल टाकून पानं उलटायचं काम माझ्याकडेच आहे. त्याला नोटेशन वाचता यावं लागत नाही. धाकटीने मान हलवली की उठायचं, वरचा कोपरा चिमटीत धरायचा आणि पान उलटायचं. चुकून दोन पानं एकदम उलटली, तर मी तिच्या दुधात मीठ टाकल्यासारखी ती माझ्याकडे बघते.

पान उलटणारीची जागा डाव्या बाजूला असते. म्हणूनच तिचा डावा हात बिघडतोय हे डॉक्टरच्या आधी मला दिसलं. पियानोवर साथ करताना डाव्या हाताला सारख्या उड्या माराव्या लागतात. आधी खाली जाऊन जाड सूर द्यायचा आणि लगेच वर येऊन तीन बोटं एकदम टेकवायची. धाकटी हे झोपेतसुद्धा करू शकली असती. आजूबाजूची निम्मी पोरं तिनेच पियानोला बसवली आहेत. आणि त्या हाताची वरची उडी उशिरा पोचायला लागली. आधी वाटलं, दमली असेल. मग तिच्या हातून कप पडला. मग भांडी घासताना पातेलं निसटलं, तेव्हा मीच तिला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर टेबलाकडे बघून बोलले. नसांचा आजार आहे, गेलेली ताकद परत येणार नाही, आज हा हात आहे, पुढे दुसरा, मग पाय. किती वेळ, ते सांगता येत नाही. धाकटीने फक्त एवढंच विचारलं, "वाजवता कुठपर्यंत येईल?" त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं आणि म्हणाले, "येतंय तोवर वाजवा."

बाहेर बाकावर बसून मी रडायच्या बेतात होते. हिने माझं मनगट उजव्या हाताने घट्ट धरलं.

"ताई, स्पर्धा होईपर्यंत पिपाणीला यातलं काही कळता कामा नये."

"अगं पण..."

"शपथ आहे तुला माझी. एकदाच तिच्याबरोबर वाजवायचंय मला. माझी कीव न करता ती वाजवेल असं एकदाच. नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

पिपाणी म्हणजे धाकटीची लेक, माझी भाची. क्लॅरिनेट वाजवते म्हणून मी ठेवलेलं नाव. आधी चिडायची, आता फोनवरसुद्धा "मावशी, पिपाणी बोलतेय" म्हणते. शाळांची एकल आणि समूह वादनाची स्पर्धा असते, त्यात तिला यंदा दोन्हीकडे घेतलं होतं. समूहात तिघी मुली, दोन क्लॅरिनेट आणि एक बासरी. एकलमध्ये ती एकटी आणि साथीला पियानो. एकलमध्ये पहिली श्रेणी मिळाली की पुढच्या फेरीत जाता येतं. साथ घरच्या कुणी केली तरी चालते. मायलेकींचं हे कधीचं ठरलेलं होतं. मेहुणे जहाजावर कामाला आहेत. फोनमध्ये माणूस जेवढा मावतो तेवढेच ते आमच्या वाट्याला येतात.  आजाराचं कळल्यावर म्हणाले, "तुम्ही दोघी म्हणाल तसं."

तर मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि सराव सुरू झाला.

धाकटीने पुष्कळ युक्त्या केल्या. डाव्या हाताच्या तीन सुरांतले दोन गाळले. कुठे कुठे खालचा सूर उजव्या हाताने चोरून दिला. सगळी लयच जरा उतरवली आणि लेकीला म्हणाली, "हा तुकडा सावकाशच गोड लागतो, उगाच धावू नकोस." पिपाणी "बरं" म्हणाली. ही पोरगी कधी एका शब्दात "बरं" म्हणणाऱ्यांतली नाही. साधं दूध पी म्हटलं तरी वाद घालते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी पानाच्या कोपऱ्याकडे बघत होते.

आणि खरंच, सगळं जुळून येत होतं. डावा हात उशिरा पोचायचा, पण ऐकताना तो उशीर जाणवायचा नाही. पिपाणीचा सूर आधीपासून तिथे लांबलेला असायचा, आईचा हात टेकला की मग पुढे सरकायचा. धाकटी रोज संध्याकाळी पियानो बंद करताना खुलायची. "बघितलंस? ताकास तूर लागू दिला नाही मी." मी म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती हसायची. तिची मूठ आता नीट झाकलीही जात नव्हती, आणि ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

एका दुपारी मी पिपाणीला आणायला शाळेत गेले. तिघींचा सराव मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत चालला होता. संगीताच्या बाई दारातच भेटल्या. स्पर्धेची मुलं पाठवायची जबाबदारी त्यांच्यावर, त्यामुळे चेहरा कायम पाहुणे यायच्या आधीच्या घरासारखा.

"तुमच्या भाचीचं मला कोडं पडलंय," त्या म्हणाल्या. "या तिघींत तीच घड्याळासारखी चालते. बाकीच्या दोघी तिच्या भरवशावर आहेत. आणि एकलचा तुकडा काढला की रेंगाळते. नेमक्या त्याच त्याच जागी. मी ठेका देऊन बघितलं, तरी थांबतेच. घरी साथ कोण करतं?"

"तिची आई."

"मग त्यांना सांगा, टकटक ठेका देणारा मेट्रोनोम लावा म्हणून."

मी "सांगते" म्हटलं. घरी येताना पिपाणीला चांगलं फैलावर घेतलं. अभ्यासात लक्ष नाही, सरावात लक्ष नाही, मोबाईल काढून घेतला पाहिजे, जे तोंडाला येईल ते. तिने सगळं ऐकून घेतलं. क्लॅरिनेटची पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "बरं."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पान सोडून पोरीकडे बघितलं. पियानो उघडला की कळांवरचं झाकण मागे उभं राहतं. काळं, गुळगुळीत, त्यात वाजवणाऱ्याचे हात दिसतात. सरावाच्या आधी पिपाणी बाहीने ते झाकण पुसायची. मी तिची थट्टाही केली होती, स्वतःच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि इथे आली स्वच्छतेची पुतळी. पूर्वी ती पियानोच्या उजवीकडे, खोलीकडे तोंड करून उभी राहायची. आता आईच्या पाठीमागे थोडी तिरकी उभी राहत होती. वाजवताना तिचे डोळे त्या झाकणावर होते. डावा हात खालून निघाला की तिचा सूर लांबायचा. हात हवेत असेपर्यंत लांबायचा. हात टेकला की सुटायचा.

 धाकटीने मान हलवली, ती मला दिसलीच नाही. "ताई, पान!" ती ओरडली.

नंतर पिपाणी मोरीत क्लॅरिनेटचं तोंड धूत होती, तिथे मी तिला गाठलं. नळ सोडूनच ठेवला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"कधीपासून माहितेय तुला?"

तिने न समजल्यासारखं केलं नाही. "आईने बटणांचे शर्ट घालायचे सोडले ना, तेव्हापासून. सगळे गळ्यातून चढवायचे कपडे घालते आता. मग मी तिची औषधं वाचली. नावं शोधली."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तिला वाटतंय मला कळत नाहीये. तेवढ्याच जोरावर ती वाजवतेय, मावशी." तिने तोंडाचा भाग फडक्यात गुंडाळला. हात लहान मुलीचे आणि बोलणं एखाद्या म्हातारीचं. "तिला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

दोघींनी मला एकच शपथ घातली. आईला लेकीपासून वाचवायचं आणि लेकीला आईपासून, आणि मध्ये मी, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाचं कुणाला सांगणार? मला दोघींचाही भयंकर राग आला. मग वाटलं, असू दे. एक उशिरा पोचते, दुसरी थांबते, म्हणजे बेरीज बरोबर येते. परीक्षक म्हणतील सावकाश वाजवलं, पण एकत्र वाजवलं. बाईंचा निरोप मी दिलाच नाही.

स्पर्धेच्या दिवशी, जिथे ती भरली होती त्या शाळेतल्या वर्गावर्गांतून वेगवेगळ्या वाद्यांचा नुसता कालवा चालला होता. आम्हाला वाजवून बघायला एक वर्ग दिला होता. फळ्यावर कालचं गणित तसंच होतं. पिपाणीच्या गटातल्या मुली तिला सूर मिळवायला ओढून घेऊन गेल्या, आणि धाकटी पियानोसमोर बसली. मी डावीकडे बाक ओढला.

घरच्या पियानोच्या कळा वर्षानुवर्षं वापरून सैल झालेल्या. या नव्या, ताठ. तिने खालचा सूर दिला आणि हात वर उचलला. तो वर आला, पण उघडला नाही. बोटं आत वळलेलीच राहिली आणि मूठ तशीच कळांवर आपटली. तिने पुन्हा केलं. मग उजव्या हाताने डाव्याची बोटं एकेक करून सरळ केली, मांडीवर दाबली, आणि पुन्हा केलं. बाहेर कुणीतरी कर्णा वाजवत होतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा.

"थंडीने असेल," मी म्हटलं. "शेक देऊया. गरम पाणी आणते मी."

"ताई," ती म्हणाली, "स्पर्धेवाल्यांनी साथीला कुणी ठेवलेत ना, त्यांना बोलाव."

"थोडं थांबून बघ..."

"बोलाव म्हणतेय ना!" मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "खरं सांगू? बरंच झालं. मी तिला ओढून मागे ठेवत होते. तिला कळत नव्हतं, पण मला तर कळत होतं. आज ती मोकळी वाजवेल. मला बसून ऐकू तरी दे."

मी तिथेच सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. काय सांगणार होते? तुझी लेक तुझ्याचसाठी थांबत होती, आज तू नसलीस तरी थांबणार आहे, हे त्या हाताकडे बघत सांगायचं? मी गेले आणि साथीदाराला घेऊन आले. टाय लावलेला तरुण माणूस, सकाळपासून वीसेक मुलांना साथ करून आंबलेला. त्याने पानं चाळली, "सोपं आहे" म्हणाला आणि पानं मीच उलटेन म्हणाला.

पिपाणी परत आली तेव्हा धाकटीने पोट बिघडल्याचं सांगितलं. पोरीने आईच्या पोटाकडे बघितलंच नाही. शालीखाली लपवलेल्या हाताकडे बघितलं आणि पापण्या खाली केल्या. हॉलच्या दाराशी मी तिला गाठलं आणि कानात म्हटलं, "आज थांबायचं नाही. नुसतं पुढे जायचं. तो माणूस वेळेवर पोचणार आहे, कळलं?" तिने मान हलवली. क्लॅरिनेटची रीड, ती वेताची पातळ पट्टी, ओली करायला तोंडात धरली होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. 

आम्ही मागच्या रांगेत बसलो. तिने सुरुवात केली. पहिली ओळ सुंदर गेली. मला कळत नसलं तरी हॉल गप्प झालेला कळतो. मग पहिली उडी आली. त्या तरुणाचा डावा हात खाली गेला आणि लगेच वर, एखादं यंत्र असावं तसा. आणि पिपाणीचा सूर लांबला. हात कधीच पोचून पुढे गेला होता आणि ती अजून तिथेच उभी होती. पियानो आणि क्लॅरिनेट एकमेकांवर घासले. ती दचकली, धावत जाऊन त्याला गाठलं. पुढच्या जागी पुन्हा तेच. ती थांबू नये म्हणून किती धडपडत होती ते मला तिच्या मानेवरून दिसत होतं. पण सवय बोटांना नव्हती, श्वासाला होती. महिनोन् महिने तिने त्याच जागी श्वास राखून ठेवला होता, तो आता ऐकेना.

मी धाकटीकडे बघितलं. सवयीने तिचे हात मांडीवर वाजवत होते. उजवा सरळ, डावा शालीखाली. डावा उचलायचा, हवेत अडकायचा, उशिरा मांडीवर पडायचा. आणि तो पडला की नेमका त्याच क्षणी स्टेजवरचा सूर सुटायचा. एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या वेळी धाकटीने मान खाली घालून शालीकडे बघितलं. मग तिने हात मुद्दाम उचलूनच धरला, पाडलाच नाही. स्टेजवरचा सूर तरीही तिच्या रोजच्या उशिराएवढाच लांबला, मग सुटला. तिचा हात वरच राहिला. पुढचं अख्खं पान तिने तो तसाच धरून ऐकलं. 

परीक्षक बाई वयस्कर होत्या, बोलायला प्रेमळ. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाळा, सूर फार गोड आहे तुझा. पण तू आपल्याच नादात वाजवतेस. साथ करणाऱ्याचं ऐकायला शीक." पिपाणीने "हो मॅडम" म्हटलं आणि वाकून खाली उतरली. त्या बाईचा गळा धरावा असं मला वाटलं. तिची काही चूक नव्हती, तरी वाटलं.

दुसरी श्रेणी मिळाली. पुढची फेरी नाही.

थोड्या वेळाने तिघींचं समूह वादन झालं. संगीताच्या बाई म्हणाल्या होत्या तसंच, पिपाणी घड्याळासारखी चालली. कुठे थांबली नाही, कुठे घसरली नाही, बाकीच्या दोघींना हाताला धरून नेल्यासारखं शेवटपर्यंत नेलं. त्यांना पहिली श्रेणी मिळाली. लोक टाळ्या वाजवत होते. धाकटी एका हाताने टाळी वाजवू शकत नव्हती, म्हणून गुडघ्यावर थापट्या मारत होती.

"तिला माहीत होतं," ती समोर बघत म्हणाली.

"हो."

"आणि तुलाही."

"हो. तिनेही शपथ घातली होती गं."

  घरी जाताना पिपाणी खिडकीबाहेर बघत होती आणि पेटी तिने मांडीवर आडवी धरली होती.

घरात शिरल्याशिरल्या धाकटीने शाल काढून खुर्चीवर टाकली आणि बाही कोपरावर सारली. एरवी सरावालासुद्धा बाही मनगटापर्यंत असायची, आजवर घरात कुणासमोर तिने तो हात असा उघडा टाकला नव्हता. कोपरापासून खाली तो बारीक झालाय, हे मलासुद्धा तेव्हाच नीट दिसलं. ती पियानोसमोर बसली.

"पिपाणी, क्लॅरिनेट काढ."

"आई, मी दमलेय."

"काढ. ताई, तू बस तुझ्या जागेवर." तिने कळांवरचं झाकण उघडलं, माझ्या खांद्यावरून खेचलेली ओढणी त्याच्यावर टाकली आणि सगळं काळं झाकून टाकलं. "आता वाजव. मी वाजवणार आहे. आणि तू माझ्यासाठी थांबायचं नाहीस."

पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला. "आई, सॉरी. मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ऐकलं मी आज. सगळ्या हॉलने ऐकलं." ती रागावली होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, दोन्ही असावं. "हे इथेच थांबणार नाहीये, कळतंय ना? उद्या दुसरा हात जाईल. मग मी चालताना मागे पडेन, बोलताना मागे पडेन. तू किती ठिकाणी थांबणार आहेस? चल. सुरुवातीपासून."

"धाकटे, अगं लहान आहे ती," मी म्हटलं. "आजच कशाला?"

"माझ्याकडे उद्या नाहीये ताई."

वाजवायला सुरुवात झाली. पहिल्या उडीला पिपाणी थांबली. धाकटीने उजव्या हाताने पियानोच्या लाकडावर थाड्कन थाप मारली. "पुन्हा." पुन्हा थांबली. पुन्हा थाप. पोरीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, रीडमधून मध्येच किंचाळी फुटत होती, ती बाहीने नाक पुसायची आणि परत सुरू करायची. माझ्याने बघवेना. उठून दोघींच्या एकेक ठेवून द्यावी असं वाटत होतं, पण मी स्टुलावरच बसून राहिले. पान चुकवलं असतं तर तिने मलाही थाप मारली असती.

किती वेळाने कोण जाणे, पिपाणीने डोळे गच्च मिटले आणि ती पहिली उडी न थांबता गेली. धाकटीचा हात मागे राहिला. दुसरी गेली. धाकटी अर्ध्या मात्रेने मागे, मग एका मात्रेने मागे. तिचे सूर रिकाम्या जागी पडत होते आणि पोरगी त्यांच्या पुढे पुढे चालली होती. मग डावी मूठ कळांवर पडली ती उचललीच नाही. उजवा हात एकटा थोडा वेळ चालला आणि तोही मांडीवर आला.

पिपाणी थांबली नाही. तिला तुकडा पाठ होता. ती आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वाजवत राहिली, सरळ, वेळेवर.

धाकटीचे डोळे समोरच्या पानावर होते. ती ओळीमागून ओळ वाचत लेकीबरोबर चालली होती. पानाच्या शेवटाशी आल्यावर तिने मान हलवली. मी उठले, कोपरा चिमटीत धरला आणि पान उलटलं.